तांबडी दरड

धुक्यातून एकेक बाई धावत खाली येत होती आणि चौतारीच्या पाराशी उभ्या असलेल्या फूलमायाच्या उघड्या तळहातावर थाप मारून पुढे जात होती. हा त्यांचा नेम होता. दर शनिवारी डोंगरावर गेलेली प्रत्येक जण उतरली, की दिदीच्या हातावर थाप द्यायची. थाप पडली नाही, तोवर ती वरच आहे असं धरायचं. रेजिनाची थाप नेहमीसारखी सणसणीत बसली. तिच्या मागून आलेल्यांच्या थापा थकलेल्या, ओलसर. मग वाट रिकामी झाली. फूलमायाचा हात तसाच पुढे राहिला.

“बिपना?” तिनं विचारलं.

“ती आमच्या कितीतरी पुढे होती, दिदी.” रेजिना गुडघ्यांवर हात टेकून धापा टाकत होती. पाटणची शहरी मुलगी, आठवडाभर बँकेच्या काउंटरमागे बसायची आणि शनिवारी सगळं बोलणं भरून काढायची. “वरून निघताना तिची पाठ दिसली, मग नाहीच. मला वाटलं, चहा पिऊन, अंडं खाऊन बसली असेल.”

फूलमायानं हात खाली घेतला आणि खिशात घातला.

बिपना नेहमी पहिली यायची. नुकतं कुठं मिसरूड फुटावं एवढ्या वयाच्या पोरांनाही ती उतारावर मागे टाकायची. उतरताना तिचे पाय जमिनीला लागतात की नाही, असा प्रश्न पडावा. चैतातल्या मोठ्या शर्यतीसाठी फूलमायाची सगळी मदार तिच्यावर होती. नवरा कतारला, घरी सासू आणि थोरला दीर. या मुलीनं आजवर एकही शनिवार चुकवला नव्हता, आणि उशीर तर कधीच केला नव्हता.

टपरीसमोर जीप उभी होती. बाया वर गेल्यावर थोड्याच वेळात ती आली होती. तिच्यातून उतरलेला माणूस चहावाल्या साइलीच्या टपरीतल्या बाकावर बसून सावकाश चहा पीत होता. डोक्यावर नक्षीदार ढाका टोपी, काळं जाकीट, पायात चकचकीत कातडी बूट. आल्या आल्या त्यानं फूलमायाला वाकून नमस्ते केलं होतं. तो गोपीलाल, बिपनाचा थोरला दीर.

“आमची बुहारी तुमच्याकडे पळायला येते म्हणे,” तो म्हणाला होता. “चांगलं आहे. व्यायाम होतो. आमची आमा जरा आजारी पडलीय, म्हणून सूनबाईला न्यायला आलो. घाई नाही. होऊ द्या तुमचं.”

घाई नाही, हे त्यानं तेव्हापासून तीनचारदा तरी म्हटलं होतं. ओरडणारी माणसं फूलमायाला ठाऊक होती. शेतातल्या वाटेवर दगड मारणारे, ‘घरी भांडी घासायची सोडून कुठं निघाल्या’ म्हणणारे, शिट्ट्या घालणारे. त्यांना उत्तरं देता यायची. हा माणूस आवाज चढवत नव्हता. आणि जीपमध्ये आणखी एक जण होता. तो खाली उतरलाच नव्हता. काच वर करून बसला होता. गारठा वाढला की इंजिन चालू करायचा, मग बंद करायचा.

रेजिना चहाचा ग्लास घेऊन फूलमायाजवळ सरकली.

“दिदी, जीपमध्ये मागच्या सीटवर बॅग आहे. नवीकोरी. वरचं प्लास्टिकसुद्धा काढलेलं नाही.”

“मग?”

“आजारी सासूकडे न्यायला बॅग कशाला लागते?”

फूलमायानं जीपकडे पाहिलं नाही. पाहावं असं वाटलं आणि मान वळेना.

वर धुकं दाट होत चाललं होतं. मंसिर महिन्यातलं धुकं असंच, उन्हं वर आली की खोलात बसलेलं उठतं आणि डोंगर गिळून टाकतं. गोपीलालनं रिकामा ग्लास बाकावर ठेवला, हाताचं घड्याळ पाहिलं आणि हसला.

“बाकीच्या आल्या. आमचीच राहिली.”

“मी बघून येते,” फूलमाया म्हणाली.

पारावर बसलेल्या बायांनी चमकून तिच्याकडे पाहिलं. कुणीतरी बुटाची नाडी सोडत होतं, तेही थांबलं. दोन पावसाळ्यांपूर्वी फूलमाया वरच्या तांबड्या दरडीवरून घसरली होती. वाट ओलांडताना पायाखालची माती गेली, आणि खाली एका गुरांसाच्या झाडाच्या मुळाला ती अडकून राहिली, लोक दोर घेऊन येईपर्यंत. खुब्यात सळई बसली. हाड जुळलं, पाय चालू लागला, सपाट रस्त्यावर ती धावूही लागली. पण चौतारीच्या वर तिनं पुन्हा पाऊल ठेवलं नव्हतं. खाली उभी राहून शिकवायची. का, ते सगळ्यांना माहीत होतं आणि कुणी बोलत नव्हतं.

“मी जाते ना,” रेजिना म्हणाली.

“तुझे पाय गेलेत. आणि इथं कुणीतरी बोलकं माणूस हवं.” फूलमायानं जीपकडे नजरेनं खूण केली. “समजलं?”

रेजिनानं मान डोलावली.

“मीही येतो बरोबर,” गोपीलाल उठला. “आमच्याच घरचं माणूस आहे.”

“दाजू, ह्या बुटांनी?” रेजिना लगेच म्हणाली. “लग्नाला निघाल्यासारखे दिसताय. वर शेवाळ आहे, उगाच आपटाल आणि आम्हालाच उचलून आणावं लागेल.”

बाया हसल्या. गोपीलालही हसला. मग जाकिटाची चेन वर ओढून तो फूलमायाच्या मागे निघाला.

सल्ल्याच्या सूचिपर्णी रानात शिरताच आवाज मेले. सुया पडून वाट मऊ झाली होती. स्वतःचा श्वास आणि मागून येणारे बूट, एवढंच ऐकू येत होतं. फूलमाया आधी चालली, मग भरभर चालली, मग चढावर तिनं जुन्या सवयीनं हात मांड्यांवर टेकवले आणि शरीर पुढे झोकलं. खुब्यात कळ आली. मागे बूट घसरल्याचा आवाज झाला, एक शिवी ऐकू आली, अगदी हळू घातलेली. तिनं वेग वाढवला. पहिल्या वळणाला बुटांचा आवाज दूर गेला, दुसऱ्याला नाहीसा झाला. तो मागे पडला हे बरं, की आता तो कुठे आहे हे कळत नाही हे वाईट, तिला ठरवता येईना.

हाक मारावी तर तो ऐकेल. न मारावी तर मुलगी सापडणार कशी? आणि सापडायच्या जागा फार नव्हत्या. ती पडली असेल तर एकाच ठिकाणी पडली असेल. प्रत्येक पावलागणिक फूलमायाच्या डोळ्यांसमोर ते मूळ येत होतं, आणि मुळाच्या खाली काहीच नसणं.

दरडीच्या अलीकडे गुराख्यांची एक रिकामी गोठ होती, पावसाळ्यात म्हशी बांधायची. फूलमाया तिच्यावरून पुढे गेली असती. पण छपराखालून कुणीतरी तिच्या मनगटाला धरून आत ओढलं.

“दिदी, एकट्याच ना?”

बिपना होती. अंगावर धावायच्या कपड्यांवर एक जुनी, मोठ्या बाईची शाल. कुठं खरचटलेलंही नव्हतं. फूलमायानं तिचे दोन्ही दंड चाचपले, खांदे चाचपले.

“तो मागे आहे,” ती म्हणाली. “तुझा जेठाजू.”

बिपनानं डोळे मिटले.

“शेवटच्या वळणावरून जीप दिसली. तशीच मागे फिरले. त्या सगळ्या माझ्या समोरून खाली गेल्या. रेजिना गाणं म्हणत होती.” ती कुजबुजत होती. “हाक मारावी असं वाटत होतं. पण मारली असती, तर त्या मला खाली न्यायला लागल्या असत्या.”

“तो म्हणतो, सासू आजारी आहे.”

“आमा?” बिपनाच्या चेहऱ्यावर क्षणभर काही हललं. “आमानंच सांगितलं, दिदी. पहाटे मला उठवलं, ही शाल अंगावर टाकली आणि म्हणाली, आज डोंगराच्या या बाजूला उतरू नकोस. मला कुवेतला पाठवतायत. घरकामाला. आधी जीपनं भारतात, मग दिल्लीहून पुढे. जीपमधून येणारा माणूस नेणार. रात्री चुलीपाशी त्यांचं बोलणं चाललं होतं, ते आमानं ऐकलं. मला खोटं वाटलं. म्हटलं, म्हातारं माणूस आहे, काहीतरी चुकीचं ऐकलं असेल.”

“आणि नवरा?”

“मागच्या आठवड्यात फोनवर म्हणाला, दाजू सांगतील तसं कर. मी विचारलं, काय सांगतील? तर म्हणाला, नेटवर्क नाहीये.”

फूलमायाच्या गावच्या दोघीजणी अशा गेल्या होत्या. एक परत आली, ती बोलत नव्हती. दुसरीचं काय झालं ते कुणालाच कळलं नाही, आणि तिची आई अजूनही विमान गेलं की वर बघायची.

“दरड ओलांडून धारापानीला उतर,” फूलमाया म्हणाली. “तिथं माझी मावसबहीण आहे. तिच्याकडे थांब. मी इथून मागे फिरते आणि त्याला सांगते, दिसली नाहीस.”

“तो तुम्हाला सोडेल?”

“मला काय करणार आहे तो?”

बिपनानं तिच्याकडे पाहिलं, आणि खालून सुक्या फांद्या मोडल्याचा आवाज आला.

“बुहारी.”

हाक मोठी नव्हती. घरात पाणी मागावं तशी.

“बुहारी, आमाला ताप आहे गं. तुझी वाट बघतेय.”

बिपनानं फूलमायाचा हात धरला आणि दोघी गोठीच्या मागून बाहेर पडल्या.

दरड अचानक सुरू व्हायची. रान संपायचं, आणि पुढे नुसती तांबडी माती, उभी कलती, तिच्यातून एका पावलाच्या रुंदीची वाट. धुक्यामुळे खालचं काही दिसत नव्हतं, पलीकडची कडही दिसत नव्हती. बिपना दोन पावलं पुढे गेली आणि वळली. फूलमाया काठावर उभी होती. तिला पाय उचलायचा होता. पाय तिचं ऐकत नव्हता. ओल्या मातीचा तो वास, तोच, नाकात भरला होता.

“तू जा,” ती ओठांनीच म्हणाली.

बिपनानं नकारार्थी मान हलवली. ती परत आली, फूलमायासमोर उकिडवी बसली आणि तिच्या कानाशी म्हणाली, “उभ्यानंच जायला पाहिजे असं कुठंय? बसा.”

मग ज्या बाईनं एकेकाळी बर्फातून, दगडगोट्यांतून शर्यती मारल्या होत्या, ती फूलमाया तामांग मातीत खाली बसली. दोन्ही तळवे मागे टेकवून, पाय पुढे सरकवून, लहान पोर पायऱ्या उतरतं तशी ती इंच इंच पुढे सरकू लागली. बिपना उलटी होऊन, तिच्याकडे तोंड करून, तिच्या घोट्यांना हात लावत मागे मागे जात होती. नखांत माती गेली. ट्रॅकसूट ओला झाला. फूलमाया फक्त त्या मुलीच्या कपाळाकडे बघत राहिली. कुठूनतरी एक खडा सुटला आणि टकटक करत खाली गेला. बराच वेळ जात राहिला.

दोघी थबकल्या.

मागे, काठावर, बूट वाजले. मग थांबले.

तो किती लांब होता? धुकं होतं म्हणून, नाहीतर हात लांबवून धरता आलं असतं, असं फूलमायाला वाटलं. काडी ओढल्याचा आवाज आला, आणि सिगारेटचा वास मातीच्या वासात मिसळला. तिचा एक तळवा चुकीच्या जागी टेकला होता. त्याखालची माती कणाकणानं सरकत होती. हात उचलावा तर खडे पडतील, तसाच ठेवावा तर मातीबरोबर आपणही. तिनं श्वास रोखला. बिपनाचे हात तिच्या घोट्यांवर घट्ट आवळले गेले, आणि ते हात थंडगार होते, तिच्याही हातांपेक्षा.

“बुहारी,” तो म्हणाला. आता आवाजात ताप नव्हता, आमा नव्हती. “मला माहितेय तू इथंच आहेस.”

मग त्यानं एक दगड उचलून दरडीत टाकला. दगड त्यांच्या वरून कुठून तरी आला, मातीवर आपटला, उडाला आणि खाली गेला. तो ऐकत उभा राहिला. दोघीही ऐकत राहिल्या. दगडाचा शेवटचा आवाज येईपर्यंत फूलमायाचं ते सगळं पडणं पुन्हा एकदा पडून झालं.

काठावर कुणीतरी मातीवर पाऊल टेकवून पाहिलं. ढेकळं सुटली. पाऊल झटक्यानं मागे गेलं.

थोड्या वेळानं बूट वळले.

तो गेला असं वाटल्यावरही त्या दोघी हलल्या नाहीत. मग बिपनानं तिच्या घोट्यावर हलकेच चापट मारली, आणि फूलमायानं तो तळवा उचलून दुसरीकडे टेकला. पलीकडची कड पायांना लागली, तेव्हा तिला रडू आलं नाही की हसू आलं नाही. ती बाजूला जाऊन ओकली. बिपनानं शालीच्या टोकानं तिचं तोंड पुसलं.

देउरालीच्या खिंडीत फोनला रेंज मिळाली. फूलमायानं फोन काढला. बिपनानं तो घेतला.

“रेजिना, मी आहे. बोलू नकोस, ऐक. ते खाली आले का?”

“तो जीपवाला बसलाय. तुझा जेठाजू अजून उतरला नाही. तू कुठं आहेस? बरी आहेस ना?”

“मी बरी आहे. दिदी आहेत बरोबर.” बिपनानं घाईघाईनं कुवेतचं सांगितलं, दिल्लीचं सांगितलं. “मी नाही सापडले तर तो घरी जाईल. तिथं आमा एकटी आहे. मला कुणी सांगितलं हे त्याला कळायला वेळ लागणार नाही, घरात दुसरं आहेच कोण? मागे एकदा मला धान्य काढून दिलं म्हणून त्यानं तिला पावसात बाहेर ठेवलं होतं. रेजिना, मला दुसरं काही नको. तिच्याकडे कुणीतरी...”

“घर कोणतं? मी तर तुला पाण्याच्या धाऱ्यापाशीच सोडते.”

“धाऱ्याच्या वर. निळं दार. दारात संत्र्याचं झाड.”

फोन बंद झाला. फूलमायानं तो परत घेऊन पोलीस चौकीला लावला. पलीकडच्या माणसानं सगळं दोनदा सांगायला लावलं आणि म्हणाला, माणूस पाठवतो, पण गाडी बाहेर गेलीय.

धारापानीचा उतार सोपा होता, पण दोघी जपून उतरल्या. बिपना मध्येच थांबायची आणि म्हणायची, “आमाला खरंच ताप असेल तर?” मग स्वतःच म्हणायची, “नसेल. सकाळी तर बरी होती.” उन्हं आली. धुकं मागे, त्या बाजूला राहिलं. या बाजूला लोक अंगणात बसून मोहरीची भाजी निवडत होते, एक बाई शेळ्या हाकत होती. कुणाला काही माहीत नव्हतं. फूलमायाला याचंच भय वाटलं.

मावसबहीण घरी नव्हती, शेजारणीनं कुलूप उघडून दिलं. ओसरीत टेकताच बिपनानं पुन्हा फोन लावला. बराच वेळ वाजला. मग रेजिनाचा आवाज आला, दबका, धापेनं तुटणारा.

“पोचलो.”

“कुठं?”

“तुझ्या अंगणात. शेतातल्या पायवाटेनं आलो. जीपला पुलाकडून वळसा आहे ना.”

“कोण कोण?”

“सगळ्या.” रेजिनानं श्वास घेतला. “निघालो तेव्हा तो जीपवाला बघतच राहिला. आम्हाला वाटलं, मागे येईल, पण त्याला तुझ्या जेठाजूसाठी थांबावं लागलं. वाटेत एकीचा पाय मुरगळला, ती पण आलीय. लंगडत.”

“आणि आमा?”

“बरी आहे. ताप वगैरे काही नाही. तिनं विचारलं, तुम्ही कोण. म्हटलं, आम्ही बिपनाच्या मैत्रिणी, तिच्याबरोबर पळणाऱ्या. तर म्हणाली, बसा मग. सगळ्यांना ताक दिलं. आता आमच्यातच बसलीय, मधोमध. तू पलीकडे पोचलीस का, एवढंच विचारतेय सारखं.”

“सांग, पोचले.”

रेजिनानं सांगितलेलं ऐकू आलं. त्यावर कुणी काय म्हटलं ते ऐकू आलं नाही. मग एका इंजिनाची घरघर आली, लांबून, चढ चढत असल्यासारखी.

“जीप आली,” रेजिना म्हणाली. तिचा आवाज बारीक झाला होता. “बिपना, मला फार भीती वाटतेय गं.”

“चौकीवाले आले का?”

“नाही अजून.”

“मग तुम्ही जा. मागच्या दारानं जा, आमाला घेऊन.”

“मी विचारलं तिला. ती नाही म्हणते. आणि आमच्यातलंही कुणी उठत नाहीये. फोन चालूच ठेवते.”

बिपनानं फोन दोन्ही हातांनी कानाशी धरला. फूलमाया तिच्याजवळ सरकली, मातीनं माखलेला गाल तिच्या गालाला लावून ऐकू लागली. इंजिन जवळ आलं, खूप जवळ, आणि बंद पडलं. जीपचं एक दार वाजलं. मग दुसरं. दगडी पायऱ्यांवर बूट चढू लागले, सावकाश, घाई नसल्यासारखे.

“नमस्ते, बहिनी.” गोपीलालचा आवाज तसाच मऊ होता. “तुम्ही इथं कशा?”

भांडं खाली ठेवल्यासारखा एक लहानसा आवाज झाला. मग एक म्हातारा, जरा घोगरा आवाज बोलला. फूलमायानं आपला हात बिपनाच्या हातावर धरला.

“माझ्याकडे आल्यात त्या,” आवाज म्हणाला.